तबक पुढे जायचं

“तवा फार तापलाय,” आई ओसरीवरून म्हणाल्या. “इथवर वास येतोय. बारीक कर गॅस.”

“केला.”

“आणि काट्यानं टोचलीस का? मेजाची भाकर फुगली की तुकडे नीट पडत नाहीत.”

“टोचली, आई. सगळीकडून टोचली.”

“मग माझ्याशी बोलत काय बसलीस? उलट ती.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गाव त्यांना सिस्टर शिरसाठ म्हणतं, कारण उभी हयात त्यांनी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं आणि त्या मेजावरची भाकर शिरसाठांच्या घरून जाते. शहरातल्या देवळांत बेकरीचा पाव कापतात म्हणे. आमच्याकडे अजून घरची, गव्हाच्या पिठाची जाड भाकर असते. तिच्यात मीठ नाही, खमीर नाही, नुसतं तेलाचं बोट. आधी आईंच्या सासूबाई करायच्या, मग आई करत आल्या. त्या महिन्यात आई मोरीत घसरल्या, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं, आणि भाकर माझ्याकडे आली.

मी ती करत होते, पण खात नव्हते. खाणं सोडून वर्ष उलटून गेलं होतं.

आमच्याकडे प्रभुभोजनाला कुणी उठून पुढे जात नाही. पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि पंच, म्हणजे मंडळीतले वडीलधारे, भाकरीच्या तुकड्यांचं तबक घेऊन रांगेरांगेतून फिरतात. बायकांच्या बाजूला पारधेकाका. सुरुवातीला ते माझ्यासमोर थांबायचे आणि मी मान हलवायचे. काका भला माणूस. चारचौघांत मला दर वेळी ‘नको’ म्हणावं लागू नये म्हणून पुढेपुढे ते माझ्यापाशी थांबेनासेच झाले. शेजारच्या सुमतीमावशींनी तुकडा उचलला की तबक माझ्यावरून जरा वर उचलून पलीकडच्या बाईकडे न्यायचे. दगडावरून पाय उचलून टाकावा तसं.

मंडळीत कुजबुज होतीच. सिस्टरची सून दुसऱ्या पंथात जाणार वाटतं. नाही गं, नवऱ्याशी पटत नसेल, तो तिकडे पुण्याला. सुमतीमावशी तर तोंडावरच म्हणाल्या होत्या, “काय प्रिस्का, सगळ्या मंडळीला पचते ती भाकर तुलाच बाधते होय गं?” बायका हसल्या. मीही हसले.

खरं कारण घरात होतं, आणि घरात काय चालतं ते दोघींना ठाऊक होतं. आईंना आणि माझ्या लेकीला, तिर्साला.

मी तिर्साला मारत असे.

हे वाक्य आत्ता लिहून मी उठले, झोळीतल्या धाकट्याला (तो तेव्हा नव्हता) झोका दिला आणि परत येऊन बसले. वाक्य तिथंच आहे.

अब्दीएल, माझा नवरा, पुण्याला कंपनीत, एक शनिवार सोडून घरी यायचा. घर, सासूबाई, पोर, शाळेतली माझी अर्ध्या दिवसाची नोकरी. कारणं पुष्कळ सांगता येतील. पहिल्यांदा हात उठला तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. दुधाचं पातेलं सांडलं होतं. त्या संध्याकाळी मी गुडघे टेकून रडले, देवाला शब्द दिला. पंधरवड्यात तो मोडला. मग शुक्रवारचा उपास धरला. मग चहा सोडला. मग स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या अंगाला खडूनं क्रूस काढला आणि राग आला की आधी त्याला हात लावायचा असं ठरवलं. एकदा मी त्या क्रुसाला हात लावला आणि त्याच हातानं वळून तिच्या पाठीत धपाटा घातला. नंतर मी तो क्रूस ओल्या फडक्यानं पुसून टाकला. देवाला इतक्या वेळा शब्द दिला होता की पुन्हा द्यायला तोंडच उरलं नव्हतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना असते. पाळकसाहेब दर वेळी सांगतात, आपापलं मन तपासा, मग मेजाजवळ या. मी तपासायचे. दर वेळी तेच सापडायचं. मग मी तबक जाऊ द्यायचे. मला वाटायचं, माझ्यात एवढाच खरेपणा शिल्लक आहे.

त्या सकाळी मी दोन भाकरी भाजून ओसरीवरच्या टेबलावर ठेवल्या, वर पांढरा कपडा घातला. देवळाची पहिली घंटा व्हायची होती.

“मम्मी, एक भाकर मी घेऊ?” तिर्सा उंबऱ्यावर उभी होती. साडेचार वर्षांची. एका वेणीला रिबीन, दुसरी मोकळी.

“नाही. ती प्रभूची आहे.”

“प्रभू एवढी खातो?”

“तिर्सा, बाहेर खेळ जा.”

“आज्जी, प्रभू दोन भाकरी खातो?”

“खातो, खातो,” आई म्हणाल्या. “जा, वेणी घालायला मम्मीला हाक मारू नकोस, मी घालते एका हातानं, आधी साडी नेसू दे मला.” आणि त्या आत गेल्या. प्लास्टरच्या हातानं साडी नेसायला त्यांना वेळ लागायचा आणि मदत केलेली आवडायची नाही.

मी तिसरी भाकर लाटायला घेतली. पहिली घंटा झाली. पीठ घट्ट झालं होतं, कडा फाटत होत्या. मी परत गोळा केला, परत लाटली. मधेच लक्षात आलं की बाहेर कुणीतरी बोलतंय, आणि ते बोलणं पाळकसाहेबांच्या सुरात आहे. तसंच संथ, शब्दाशब्दाला थांबत.

मी लाटणं हातात घेऊनच ओसरीवर आले.

टेबल रिकामं होतं. अंगणात चाफ्याखाली पाट, पाटावर तो पांढरा कपडा. समोर मंडळी बसवलेली: एक पाय नसलेली बाहुली, विटेचे दोन तुकडे, रिकामा डालडाचा डबा आणि सुमतीमावशींची कोंबडी. कोंबडी खरी होती. ती मान वाकडी करून बसल्यासारखी उभी होती, आणि तिच्या पुढ्यात मेजाच्या भाकरीचे तुकडे.

“घ्या,” तिर्सा म्हणत होती. “तुमच्यासाठी मोडलीय. ढकलाढकली करायची नाही. सगळ्यांना आहे.”

कोंबडीनं टोच मारली. दुसरी भाकरही मोडलेली होती, पाटभर चुरा.

मला आठवतं, माझ्या डोक्यात आधी मंडळी आली. आता दुसरी घंटा होईल, पारधेकाका भाकर न्यायला येतील, सुमतीमावशी विचारतील. लेकीचा विचार मागून आला. तिनं मला पाहिलं, तिचा चेहरा फुलला, ती उठली. “मम्मी, बघ ना, मी...” असं म्हणत तिनं मिटलेली मूठ माझ्याकडे केली.

मला वाटलं, काहीतरी लपवतेय. मी तिच्या मनगटावर लाटणं मारलं.

तिच्या हातावर आधी पिठाचा पांढरा पट्टा उमटला. मग त्याच्याखालून लाल वर आलं. ती रडली नाही. हात पोटाशी घेऊन माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता एक पाऊल मागे सरकली. कोंबडी खात होती.

“लाटणं खाली ठेव.”

आई दारात उभ्या होत्या, अर्धी साडी खांद्यावर, अर्धी हातात.

“प्रिस्का. लाटणं खाली ठेव.”

ते अजून माझ्या हातात आहे हे मला तेव्हा कळलं. मी ते पायरीवर ठेवलं. आई अंगणात उतरल्या, तिर्सासमोर बसल्या, आपला धड हात पुढे केला. तिर्सानं आपला हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी कोपरापासून खाली हळूहळू चाचपत आणलं.

“इथं दुखतं? इथं? मूठ उघड, बाळा.”

तिर्सानं मान हलवली.

“बोटं हलव बघू आज्जीला.”

“नाही.”

“अंगठा तरी?”

अंगठा हलला. बाकीची बोटं गच्च मिटलेली. “मोडलं का, आई? रिक्षा बोलवू?”

“गप.” त्यांनी पुन्हा चाचपलं, हाड सरळ आहे ना पाहिलं, तिला कोपरातून हात वाकवायला लावला. “हाड शाबूत आहे. भ्याली आहे, म्हणून मूठ मिटलीय. उघडेल तेव्हा उघडेल.” मग त्यांनी तिला कडेवर घेतलं नाही, घेता येत नव्हतं. नुसतं पदराखाली घेतलं, मोरीवर नेलं, मनगटावर माठातलं गार पाणी ओतत राहिल्या. तिर्सा तिथं रडली. मोठ्यानं नाही. हुंदका गिळत, जसं मोठी माणसं रडतात.

ती आता नऊ वर्षांची आहे. मनगटावर काही खूण नाही. मी अजून बघते.

मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते. आई आल्या.

“पीठ भिजव.”

“काय?”

“दोन भाकरी गेल्या. परातीतलं पुरायचं नाही. दुसऱ्या घंटेच्या आत झाली पाहिजे.”

“आई, मी नाही करणार. सुमतीमावशींना सांगते. पाव आणते बेकरीतून.”

“का?”

“या हातांनी करू?”

“दुसरे आहेत का तुझ्याकडे?” त्यांनी प्लास्टर वर करून दाखवलं. “माझे असे आहेत. ऊठ.”

मी उठले. पीठ घेतलं. पाणी जास्त पडलं, पुन्हा पीठ टाकलं. आई डब्याला टेकून उभ्या राहिल्या.

“तिची माफी मागितलीस?”

“देवाची मागितली. आत्ता, बसल्या बसल्या.”

“देवाला लाटणं लागलं नाही.”

मी मळत राहिले.

“म्हणून मी घेत नाही, आई,” मी म्हणाले. एवढ्या दिवसांत आम्ही हे पहिल्यांदा बोलत होतो. “तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी खोटं बोलत नाही तिथं, एवढंच. पुन्हा करणार नाही म्हणते आणि करते. आजचं झाल्यावरही म्हणेन. आणि तुम्हाला सांगते, मी परत मारेन. मला माहीत आहे. असल्या बाईनं तिथं हात पुढे करायचा?”

“झालं बोलून?”

“हो.”

“मी इतकी वर्षं वॉर्डात काढली. बरी झालेली माणसं औषधाला येत नाहीत गं. ज्याचा ताप उतरत नाही तो येतो, परत परत येतो. आम्ही त्याला म्हणायचो का, आधी ताप उतरवून ये?”

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या डोळ्यांना पदर वगैरे लावला नाही.

“रडू नकोस पिठात. आणि हे दुसरंही ऐक. प्रभू तुला जवळ घेईल न घेईल, तो तुझा आणि त्याचा प्रश्न. पण पोरगी तुझ्या लाटण्याखाली ठेवायला मी बांधलेली नाही. अब्दीएलला मी आज फोन करून सांगणार. तुझ्यासमोर सांगणार. आणि पुन्हा काठी, लाटणं, काहीही हातात घेतलंस, तर तिला घेऊन मी मिरजेला माझ्या नणंदेकडे जाईन. तू बरी होईस्तवर. कळलं?”

“कळलं.”

“मग जा, हात धू आणि तिच्याशी बोल. तवा मी बघते.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. पुढे एकदा, पावसाळ्यात, त्या तिला घेऊन खरंच मिरजेला गेल्या. त्या वेळी त्यांना हाक मीच मारली होती, आणि एस.टी.त बसवून द्यायलाही मीच गेले होते. त्यानंतर मी एका बाईंकडे जायला लागले, त्या मनाच्या डॉक्टर आहेत, अजूनही मधूनमधून जाते. पण ते पुढचं.

तिर्सा आतल्या खोलीत कॉटवर बसली होती. मी दारातच खाली बसले, म्हणजे तिच्यापेक्षा ठेंगणी झाले.

“तिर्सा, माझं चुकलं.”

ती मुठीकडे बघत होती.

“तू काही वाईट केलं नव्हतंस. मी मारायला नको होतं. मी पुन्हा...” पुढचं वाक्य तोंडात आलं, रोजच्या सवयीनं.

“तू त्या दिवशीपण असंच म्हणालीस,” ती म्हणाली.

टोमणा मारायचं तिचं वय नव्हतं. ती फक्त आठवण करून देत होती, रिबीन त्या खिशात आहे असं सांगावं, तशी.

“हो,” मी म्हणाले. “म्हणाले होते.”

“मला आज्जीजवळ बसायचंय देवळात.”

“बस.”

दुसरी घंटा झाली तेव्हा भाकर कपड्यात बांधून पारधेकाकांच्या हातात दिली होती. “या खेपेला भाकर हलकी झालीय हं, सिस्टर,” काका म्हणाले. “सुनेचा हात बरा दिसतोय तुमच्या.”

देवळात आई आणि तिर्सा माझ्या पुढच्या रांगेत बसल्या. मला तिर्साची पाठ दिसत होती, दोन्ही वेण्या घातलेल्या, एक घट्ट, एक सैल. उपदेशभर तिनं डावा हात आईंच्या मांडीवर ठेवला होता आणि उजव्याची मूठ तशीच. एकदा सुमतीमावशींनी माझ्याकडे झुकून विचारलं, “पोरीच्या हातात काय आहे गं? गोळी?” मी म्हटलं, “माहीत नाही.”

खरंच माहीत नव्हतं.

आमचे पाळकसाहेब मोठे वक्ते नाहीत. चष्मा कपाळावर सारतात, मग तो शोधतात. त्या दिवशी ते मेजामागे उभे राहिले, भाकरीवरचा कपडा काढला आणि म्हणाले, “त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर जेवायला बसलेल्यांपैकी एकही माणूस सकाळपर्यंत टिकला नाही. कुणी पळाला, कुणी ओळख नाकारली. आणि हे त्याला आधीच ठाऊक होतं. तरी त्यानं कुणाला ताटावरून उठवलं नाही. आधी जेवू घातलं.”

हे मी पूर्वीही ऐकलं असेल. मी मनात म्हटलं, त्यांच्यातल्या कुणी आपल्या लेकराला लाटण्यानं मारलं नव्हतं. आणि डोळे मिटले.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. माझ्या हातची भाकर. मोडताना तिचा बारीक आवाज झाला. पंचांनी तिचे तुकडे केले, तबकांत भरले. मंडळी खालच्या सुरात गाऊ लागली, आणि मला बाजूच्या रांगेतून पारधेकाकांच्या वहाणा नसलेल्या पावलांचा आवाज ऐकू येऊ लागला. मी ठरवलं होतं. मी घेणार नव्हते. औषध वगैरे सगळं खरं असेल, पण सकाळची घटना सकाळचीच होती, अजून दुपारसुद्धा झाली नव्हती. मी हात मांडीवर ठेवले, एकावर एक.

काका पुढच्या रांगेत आले. आईंनी डाव्या हातानं तुकडा घेतला. तिर्सा लहान, तिला द्यायचा प्रश्न नव्हता. आमच्यात मोठेपणी दृढीकरणाचा विधी होऊन मंडळीत घेतल्याशिवाय मुलांना देत नाहीत. तबक फिरून माझ्या रांगेला लागलं. सुमतीमावशींनी घेतलं. काकांनी नेहमीप्रमाणे तबक जरा वर उचललं आणि ते माझ्या समोरून पुढे जायला निघालं.

“थांबा!”

मी नव्हते बोलले. तिर्सा बाकावर उलटी फिरून गुडघ्यांवर उभी होती, बाकाच्या पाठीवरून माझ्याकडे वाकून.

“काका, थांबा ना. तिला नका देऊ. तिचा माझ्याकडे आहे.”

आणि तिनं मूठ उघडली.

तळहातात भाकरीचा तुकडा होता. घामानं मऊ झालेला, बोटांचे ठसे उमटलेला, कडेला मातीचा कण. मनगटावरचा वळ आता जांभळा पडत चालला होता.

“मी सकाळी ठेवला होता,” ती म्हणाली. “सगळ्यांना दिलं, मग तुझा ठेवला. तुला कधीच कुणी देत नाही ना.”

गाणं आजूबाजूच्या दोन-तीन रांगांत थांबलं.

तिनं अंगणात माझ्याकडे केलेली मूठ माझ्या डोळ्यांसमोर आली. मी जिच्यावर मारलं ती. ती काहीतरी लपवत नव्हती. माझा वाटा मला देत होती, आणि मारल्यावरही, पाण्याखालीसुद्धा, आज्जीनं सांगूनसुद्धा तिनं तो सोडला नव्हता.

“अगं बाई, मळका आहे तो,” सुमतीमावशी पुटपुटल्या. “टाक तो, बाळ.”

पारधेकाका तबक घेऊन अवघडून उभे होते. एवढ्या वर्षांत असा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. ते वाकून हळूच म्हणाले, “तिर्सा, बाळा, मम्मीला यातला देऊ आपण. त्याच्यावर प्रार्थना नाही झाली गं.”

“झाली,” तिर्सा म्हणाली. “मी केली. तुम्ही नव्हता तेव्हा.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. आईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची मान तेवढी खाली गेली.

तिर्सा हात पुढे करून उभी होती. त्या हाताला मी सकाळी काय केलं होतं, ते तिला ठाऊक होतं. मी पुन्हा करीन की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तिनं ते विचारलंच नव्हतं. हात तेवढा पुढे केला होता, आणि तो दुखत असणार, कारण कोपर खाली झुकत चाललं होतं.

मी तिच्या तळव्यातून तो तुकडा उचलला आणि तोंडात घातला. गिळवेना. मी रडत होते, आणि देवळात बायका रडतात तशी पदर तोंडाला लावून नाही. तोंड उघडं टाकून रडत होते, भाकर जिभेवर तशीच.

“चाव ना,” तिर्सा म्हणाली.

मी चावली.

पारधेकाकांना काय करावं कळेना. त्यांनी तबक माझ्यापुढे धरलं, मागे घेतलं, मग वळून मेजाकडे पाहिलं. पाळकसाहेब चष्मा कपाळावर सारून आमच्याकडेच बघत होते, ते किती वेळ बघत होते कोण जाणे.

“पुढे चला, पारधे,” ते तिथूनच म्हणाले. “त्यांना मिळालंय.”